नर्सबाईची माहेरं

आमची नर्सबाई सुई टोचायच्या आधी माहेर विचारायची. नाव, वय, कितवा महिना, हे सगळं मागाहून. आधी, "गो चेडवा, माहेर खंयचा तुझा?" पोर सांगायला लागली की बाई दंडावर कापूस फिरवत पुढचं विचारणार. "थंय न्हय आसा काय डोंगर? यष्टी गावात येता, काय चलत जावचा लागता? आवस काय करता तुझी?" पोर आईचं नाव घेईपर्यंत सुई जाऊन आलेली असायची. मला सुरुवातीला वाटायचं, दुखू नये म्हणून ही बोलण्यात गुंतवते. पण तसं नव्हतं. बाईला ते सगळं खरंच ऐकायचं असायचं.

समोर मी तिला तुमी म्हणायचे. पाठीमागे ती. आता मेलेल्या माणसाला द्यायचा तो मान मी मनात देते, तोंडाने ती म्हणूनच सांगते.

उपकेंद्र आमच्या गावात, आचऱ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. दोन खोल्या आणि एक पडवी. मी तिथे बाईच्या हाताखाली होते. झाडलोट करायची, विहिरीचं पाणी भरायचं, सुया उकळायच्या, बाळंतपणात बाईने सांगितलं तिथे धरायचं. माझा नवरा होडीबरोबर समुद्रात बुडाला तेव्हा माझ्यापाशी दोन मुली आणि चौथीपर्यंतची शाळा होती. बाईनेच साहेबांच्या मागे लागून मला तिथे लावलं. कागदावर मी अर्धवेळ बाई. कुठला अर्धा वेळ, ते कागदावर कोणी लिहिलं नव्हतं. बाई निघाली की मी निघायचे आणि ती परतली की मी परतायचे.

चालायला बाई वाऱ्यासारखी. खांद्याला लशीचा डबा, हातात पिशवी, डोक्यावर पदर. आमच्या केंद्राला आठ वाड्या. तीन वाड्या व्हाळाच्या पलीकडे, आणि पावसात साकव वाहून गेला की ओढ्यातून चालत जायचं. एकदा छातीएवढं पाणी होतं. मी म्हटलं, "बाई, उद्या जावया." बाईने डबा डोक्यावर घेतला, कासोटा घातला आणि पाण्यात उतरली. पलीकडे जाऊन मला म्हणते, "डबो भिजलो तर पोरांचा नुकसान. आपण भिजलांव तर सुकतलांव." तीस वर्षं मी तिच्यामागे भिजले आणि सुकले. माझे गुडघे आज जे बोलतात ते त्या व्हाळाचं बोलतात. त्याची तक्रार नाही. ते काम होतं आणि ते आम्ही केलं.

तिचा नवरा काविळीने गेला तेव्हा मुलगा दिगू दीड वर्षांचा. बाई बाळंतपणाला गेली की दिगू माझ्या घरी. माझ्या मुलींबरोबर माझ्याच पानातलं जेवला तो. ताप आला की माझ्या मांडीवर निजला. मला मावशे म्हणायचा, अजून म्हणतो. हे मी मुद्दाम सांगते. पुढे मला त्याच्याबद्दल जे बोलायचं आहे ते परकी म्हणून बोलायचं नाही.

बाईला स्वतःला माहेर नव्हतं. म्हणजे घर होतं, भाऊ होते, सगळं होतं. पण ती नर्स व्हायला गेली त्या दिवशी बापाने दार लावून घेतलं. त्या काळात लोकांना ते काम हलकं वाटायचं. त्याबद्दल बाई माझ्यापाशी एकदाच बोलली. "बापूस म्हणालो, परक्यांची घाण काढूक जातंस तर परत येव नको. मगे मी इलंय नाय." इतकं बोलून ती पट्ट्यांची गुंडाळी करत बसली.

आमच्याकडच्या लग्नाच्या झिलग्यांना हल्ली जवळपासच्या मुली मिळत नाहीत. घाटावरून, कर्नाटकातून, कुठून कुठून करून आणतात. ह्या पोरी इथे येऊन बावरलेल्या असायच्या. आमचं बोलणं कळायचं नाही, माशांचा वास सोसायचा नाही. त्यांना त्यांच्या गावाचं विचारणारं माणूस म्हणजे एकटी नर्सबाई. त्या भडाभडा बोलायच्या. आणि बाळंतीण घरी जायला निघाली की म्हणायची, "बाई, एकदा आमच्या गावाला या हं. आई वाट बघेल." बाई म्हणायची, "येतलंय गो, येतलंय." लोकांना वाटायचं, बोलायची रीत. बाई जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर ते लिहून ठेवायची. गाव कुठलं, गाडी कुठे बदलायची, आईचं नाव काय, बघायला काय. एकीच्या गावात कमळांचं तळं. एकीच्या दारात संत्र्यांची झाडं. एकीच्या परसामागून आगगाडी जाते आणि तिचा बाप डब्यांना हात करतो. मला वाचायला धड येत नाही, पण बाई ती यादी इतक्यांदा वाचायची की मला पाठ झाली.

"निवृत्त झालंय की एकेका माहेराक जातलंय," ती सांगायची. "चार चार दिस र्‍हवतलंय. तू माझ्यावांगडा येतलंस."

"मी थंय काय करतलंय?"

"काय करूचा नाय, शेवंते. ताच तर करूचा आसा!"

कोणीतरी तिला देवदर्शनाच्या गाडीचं सुचवलं. बारा दिवसांत इतकी तीर्थं, जेवणखाण त्यांचं. बाई म्हणाली, "देव आमच्याकडे कमी आसत काय? माका माणसांचे गाव बघूचे आसत." आणि सरकारने बायकांना एसटीचं अर्धं तिकीट केलं त्या दिवशी तर ती केंद्राच्या पडवीत मला ओरडून सांगते, "बघ गो, आता सरकारच सांगता, जावा म्हणान!"

निवृत्तीच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. साहेब दीड तास उशिरा आले आणि पाऊण तास बोलले. म्हणाले, आता बाईंनी आराम करावा, देश बघावा, नातवंडांत रमावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहा पिता पिता तेच साहेब बाईला बाजूला घेऊन म्हणाले, "नवीन सिस्टर यायला जरा वेळ आहे. तोवर तुम्ही बघाल ना?" कपातला चहा अजून गरम होता हो! टाळ्यांचा आवाज कानातून गेला नव्हता. आणि बाई हो म्हणाली.

मी घरी जाताना तिला फाडून खाल्लं. "बाई, तुमका नाय म्हणाक येना काय? जीभ झडली?"

"शेवंते, त्या वरच्या वाडीतल्या चेडवाक नववो महिनो आसा गो."

"दर महिन्याक कोणाक तरी नववो असतलो."

ती हसली. मला हसू आलं नाही. त्या जरा वेळाचे पाच महिने झाले. बिनपगारी, बिनसहीचे. पावसाळा सगळा तिने तसाच डबा खांद्याला लावून काढला. नवीन मुलगी आली तेव्हा तिला आठही वाड्यांच्या वाटा दाखवल्या आणि मग डबा खाली ठेवला.

तोवर दिगूने घरामागे, माडांच्या बागेत, चार खोल्या उठवल्या होत्या. तारकर्लीला लोक येतात ना, समुद्र बघायला, होडीतून फिरायला, तिकडची गर्दी इकडे सरकायला लागली होती. मुंबईतली नोकरी सुटून तो बायकोला घेऊन परत आला होता. पोट भरायला काहीतरी करायला हवंच होतं. मी ते कबूल करते. पण रस्त्यावर त्याने पाटी लावली. पाटीवर बाईचा फोटो, नऊवारी नेसवून काढलेला. बाई जन्मात नऊवारी नेसली नव्हती, तिचं आयुष्य पांढऱ्या साडीत गेलं. आणि खाली लिहिलं, आईच्या हातचं मालवणी जेवण.

खरं सांगू का? बाईला रांधता येत नव्हतं. शिकणार कधी? पेज आणि चटणी, पेज आणि सुकट, ह्याच्यावर तिने दिगूला वाढवला. घावण्याला तिच्या हाताने कधी जाळी पडली नाही. त्या वयात ती माझ्याकडून वाटप वाटायला शिकली. मीच शिकवलं आणि मीच तिच्या शेजारी पाटा घेऊन बसले. दिगू म्हणाला, "मावशे, तू आसस म्हणान माका धीर आसा." मीही विरघळले. तेव्हाच जर मी पाट्यावरून उठून म्हटलं असतं, की मेल्या, तुझ्या आवशीक सोड! पण मी तीन नारळ खवले आणि माशाला मीठ लावलं. दुसऱ्यांवर रागवायच्या आधी मी ह्याच्यावर रागावते.

पाव्हणे येत. चांगली माणसं असत, वाईटही असत. सगळे म्हणत, किती शांत, किती छान, तुम्ही किती नशीबवान. बाई त्यांना वाढता वाढता विचारायची, "तुमचं गाव कसं आहे?" पाव्हण्यांशी ती शुद्ध बोलायची, मीटिंगमध्ये बोलायची तसं. ते म्हणायचे, "अहो, आमच्याकडे काही नाही. म्हणून तर इकडे येतो." बाईला ते पटायचं नाही. "काहीच नाही असं गाव असतं होय? तुमच्या दारात झाड कसलं आहे?" पाव्हणा हसायचा आणि आणखी एक सुरमईची तुकडी मागायचा. चुलीपाशी येऊन बाई मला म्हणायची, "बघ गो, आपलो गाव सोडून फिरतत आणि तेंका आपलो गाव म्हायत नाय."

जायचं कधी? दिगू नाही कधीच म्हणाला नाही. दिवाळीत म्हणाला, आता सुट्ट्या आहेत, जरा होऊन जाऊदे. मग नाताळ. मग शिमगा. मग मे महिना, तेव्हा तर अंगणातही गाद्या घालाव्या लागत. पावसात खोल्या रिकाम्या, पण घाटात दरडी. असं एक वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी श्रावणातच बाईने ठरवून टाकलं. दिवाळी झाली की निघायचं. पहिलं माहेर सरिताचं. सरिता आमच्या खालच्या वाडीतली सून, गडहिंग्लजच्या पुढच्या एका गावातली. तिच्या पहिल्या खेपेला पोर आडवं होतं आणि बाईने तिला मालवणपर्यंत गाडीत मांडीवर घेऊन नेलं होतं. सरिताची आई फोनवर म्हणाली, "गुऱ्हाळ लागलं की या बघा. काकवी खायाला या." बाईने नवीन चप्पल घेतली. मी दोन लुगडी धुऊन घडी घातली.

तेव्हा दिगू म्हणाला, "आये, जा गो. माझा काय? पण आधी देवाक इचार."

आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय विहीर खणत नाहीत, लग्न ठरवत नाहीत. फुलांचे ओले कळे देवाच्या पाषाणाला उजवीकडे डावीकडे चिकटवायचे, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि कुठला कळा आधी पडतो ते बघायचं. उजवा पडला की देव हो म्हणाला. बाई आनंदाने तयार झाली. विचारण्यात वाईट काय?

देवळात आम्ही पाच जणं. दिगू, त्याची बायको, बाई, मी आणि गुरव. दिगू आधी जाऊन गुरवाशी दीपमाळेपाशी काहीतरी बोलत उभा होता, ते मी बघितलं. मला वाटलं, दक्षिणेचं असेल. मग गुरवाने कळे लावले, हात जोडले आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इलीहत, तेंचा गाऱ्हाणा ऐकान घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराक बरकत दिलंस, ती अशीच र्‍हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"घरची म्हातारी घर सोडून परमुलखात जावक बघता, ता तुका मानवणा नसात, तिना घरातच र्‍हवान तुझी सेवा करूची असात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी ओरडले. बाईही ओरडली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. ते कुकुल्या वयापासून ओठावर बसलेलं असतं. गुरवाचा आवाज वर गेला की आपलं तोंड उघडतं. शब्द कानातून आत उतरायच्या आधी व्हय म्हणून झालेलं असतं. आणि तो कळा पडला, उजवा, टपकन. बाईने माझा दंड धरला. तिचं तोंड असं फुललं होतं! "उजवो दिल्यान गो! शेवंते, उजवो दिल्यान!"

सून पायऱ्या उतरताना म्हणाली, "आई, उजवो म्हणजे जावचा नाय. तसाच इचारल्यांनी गुरवकाकांनी."

बाई पायरीवर थांबली. चप्पल शोधत असलेला पाय तसाच. "असा इचारल्यान?" ती म्हणाली. मग चपलेत पाय सरकवून, "मगे मी व्हय कित्याक म्हटलंय?"

मी म्हटलं, "चला परत आत. सरळ इचारूया. माझ्यासमोर इचारूया."

"देवाक दोनदा इचारूचा नसता."

"देवाक एकदाय खंय इचारलेला आसा?"

पण ती वळली नाही. आयुष्यभर तिने लोकांचे उतारे-अंगारे झिडकारून पोरांना लस टोचली होती. गावच्या भगताशी भांडली होती. आणि स्वतःच्या बाबतीत देवळाच्या पायरीवर गप्प बसली. मला देवाचा राग नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं. मला दिगूचा राग आहे, गुरवाचा आहे, आणि बाईचाही आहे. व्हाळात छातीएवढ्या पाण्यात उतरलीस, बाई, आणि इथे तुला एक पायरी चढवली नाही!

दिगूला मी माडाखाली गाठलं. "लाज नाय वाटली तुका?"

तो खाली बघून म्हणाला, "मावशे, ती गेली आणि थयच रमली तर? लोक पाटीवरचो फोटो बघून येतत. फोनार लिवतत, आई भेटल्या, आई बोलल्या. ती नसली तर कोण येतलो हंय?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दिगू वाईट पोर नव्हे. त्यानेच तर मला जास्त चीड येते. वाईट असता तर सोपं होतं.

पुढे सव्वा वर्ष बाई रांधत राहिली. नवीन चप्पल परसात जायला वापरायला काढली. यादी काही तिने वाचून दाखवली नाही परत. मीही विषय काढला नाही.

मग त्या डिसेंबरात, चारही खोल्या भरलेल्या असताना, तिच्या छातीत दुखायला लागलं. गुरुवारी दुखलं. पेटीतलं बीपीचं जुनं यंत्र काढून दंडाला पट्टा बांधला आणि मला म्हणते, "फुगो दाब गो." काट्याकडे बघून पट्टा सोडला. "वाढलोहा. सोमवारी जावया डॉक्टराकडे. आयतवारी पाव्हणे जातत."

"आत्ता जावया. मी दिगूक हाक मारतंय."

"सोमवारी म्हटलंय ना!" ती माझ्यावर खेकसली. हीच बाई. दुसऱ्याच्या सुनेला कळ आली की भर जेवणातून उठून पळणारी. दिगूलाही मी सांगितलं. तो म्हणाला, "तीच नर्स आसा, मावशे. तिका कळता." आणि पाव्हण्यांना होडी ठरवून द्यायला गेला.

शनिवारी पहाटे ती घावण्याचं पीठ ढवळता ढवळता भिंतीला टेकली. मी पाणी घेऊन येईपर्यंत गेली होती.

मी ओरडायला तोंड उघडलं. दिगू धावत आला, आवशीचे पाय धरले. आणि पहिला शब्द काय बोलला? "मावशे, हळू. मागे निजलेत." मागे पाव्हणे निजले होते! मी तोंडात पदर कोंबला. मी कोंबला, कोणी कोंबायला लावला नाही. आजूबाजूच्या बायका आल्या. जिच्या हातावर त्यांची पोरं जन्मली ती समोर पडलेली, आणि सून प्रत्येकीला दारात सांगत होती, "जरा हळू, हं." बायका पदरात नाक दाबून मुसमुसत होत्या. कसलं ते रडणं! मांजरंसुद्धा त्याहून मोठ्याने रडतात. दिगूने पाव्हण्यांना लवकर उठवून होडीवर पाठवलं, नाश्ता बाहेर करा म्हणाला. ते समुद्रावर फिरत होते तेवढ्यात बाईला नेलं. ते परतायच्या आत अंगण धुऊन झालं होतं.

घराला सुतक. चूल पेटवायची नाही. दिगू माझ्याकडे आला. "मावशे, तुका सुतक नाय. उद्या सकाळी जातत ते. दोन वेळचा रांधून दी." मी दिलं. हो, मी दिलं. माझ्या घरी भात केला, माशाची कढी केली, टोप डोक्यावर घेऊन गेले आणि पानं वाढली. हातांना सवय असते. त्या हातांना मी अजून माफ केलेलं नाही.

जेवता जेवता त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "आई कुठे दिसत नाहीत? त्यांच्याबरोबर फोटो काढायचा राहिलाय."

दिगू खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, "आई गावाला गेलीय फिरायला. तिला फिरायची भारी हौस."

माझ्या हातात भाताचा डाव होता. तो मी टोपात ठेवला.

"खयच्या गावाक रे, दिगू?"

"मावशे..."

"सांग ना. पाव्हण्यांका सांग. खयच्या गावाक गेली तुझी आवस?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. एकसुद्धा नाव त्याला येईना. वर्षानुवर्षं त्याची आई जी नावं घोकत होती, कमळांचं तळं, संत्र्यांची झाडं, आगगाडीला हात करणारा बाप, त्यातलं एक नाव ह्याला घेता येईना. खोटं बोलायलासुद्धा आईची ओळख लागते!

मी पाव्हण्यांकडे वळले. बाईचं ऐकून ऐकून जसं शुद्ध येतं तसं बोलले. "ह्याची आई आज सकाळी मेली. तुम्ही होडीत होता तेव्हा जाळली. हे जेवण तिने केलेलं नाही, मी केलंय. जेवा."

कोणी जेवलं नाही. त्यांचा दोष नव्हता. फोटो मागणारी ती बाई हात धुऊन माझ्याजवळ येऊन उभी राहिली. संध्याकाळच्या आत ते गेले. दिगू मला म्हणाला, "मावशे, तुया माझा घर बुडवलंस."

"घर खंय आसा थंय? चार खोलयो आसत."

त्यानंतर मी त्या अंगणात पाय ठेवला नाही. पाटीवर बाईचा फोटो अजून आहे. जाता येता मी दुसरीकडे बघते.

तेरावं झालं आणि मी सरिताकडे गेले. तिला म्हटलं, तुझ्या आईला फोन कर, मी येते म्हणून सांग. बाकी काही सांगू नको. ते फोनवर सांगायचं नव्हे, मी सांगते. मुलींनी मला वेड्यात काढलं. गुडघे असे, एकटी, कधी बांद्याच्या पलीकडे गेली नाहीस. मी सावंतवाडीला गाडी बदलली. आंबोलीच्या घाटात माझ्या पोटातलं सगळं वर आलं. कंडक्टरने लिंबू दिलं. आजऱ्यानंतर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस लागला. खिडकीतून बघताना मला आनंद झाला असेल असं कोणाला वाटेल. मला तसलं काही झालं नाही. शेजारची जागा रिकामी होती आणि तिथे एका माणसाने कोबीचं पोतं ठेवलं. सगळा रस्ता मी दात आवळून बसले होते.

सरिताची आई स्टँडवर येऊन उभी होती. माझ्याहून म्हातारी, काळी, वाळलेली, कपाळावर मोठं गोंदण. मला हाताला धरून उतरवलं आणि माझ्या खांद्यावरून गाडीच्या दाराकडे बघत राहिली.

"आन् नर्सबाई? मागनं उतरत्यात व्हय?"

गाडी निघून गेली तरी ती बघत होती.

मी म्हटलं, "नर्सबाई मेली."

ती तिथेच, स्टँडच्या धुळीत, फतकल मारून बसली आणि तिने गळा काढला. असा गळा काढला की पानाच्या टपरीवरची माणसं उभी राहिली, शाळेच्या पोरी थांबल्या. "अगं माझ्या बाई! माझ्या लेकीला वाचवलीस गं! तोंड बी न दावता गेलीस गं!" छाती पिटत ती रडत होती. बायका धावल्या, कोण गेलं, कोण गेलं. एक पुरुष पुढे आला, म्हणाला, "आजी, गप ऱ्हावा आता, गाड्या येत्यात इथं."

मी तिच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिले. त्याच्या डोळ्यात बघितलं फक्त. तो मागे सरला. दुसरी गाडी आली, ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मी हात आडवा केला आणि जागची हलले नाही.